खाडाखोड

नाशिकरोडला, बिटको चौकातून आत वळलं की
झेरॉक्सच्या दुकानावरचा पहिला मजला.
माझ्या हातात चौसष्ट प्रश्नांचा फॉर्म
आणि डाव्या बाजूच्या खालच्या दाढेत
पंधरा दिवसांचा एक बारीक ठणका,
कुणालाच न सांगितलेला.

बाहेर बाकावर गायधनी. प्रेसमधून रिटायर.
छत्तीस वर्षं नोटांचे ताव तपासले, म्हणाले,
तुम्ही काय तपासता?
दवाखाना, मी म्हटलं.
ते हसले तेव्हा कवळी जराशी हलली.
"चूक शोधायला गेलं की सापडत नाही, ताई.
ताव नुसता बोटाखालून जाऊ द्यायचा.
कुठंतरी बोट थांबतं."

डॉक्टर क्षेमकल्याणी सगळं उघडून दाखवतात.
पिवळी पिशवी, लाल पिशवी,
सुयांचा पांढरा डबा, पाऊण भरलेला, त्याच्या वर नाही.
ॲड्रिनलिनची मुदत मार्चपर्यंत.
शिशाचा एप्रन खुंटीवर, घडी न घातलेला,
कारण घडीत शिसं आतल्या आत तडकतं
आणि वरचं रेक्झिन काही बोलत नाही.
हो. हो. हो. हो.
माझं पेन उताराला लागलेल्या सायकलसारखं.

मग ऑटोक्लेव्हचं रजिस्टर.
एकशे एकवीस अंश, वीस मिनिटं, पास.
एकशे एकवीस, वीस, पास.
जून पास, जुलै पास, अख्खा ऑगस्ट
एकाच शाईत, एकाच बैठकीत,
एकाच तिरप्या अक्षरात पास.
दवाखाना बंद होता त्या पंधरा ऑगस्टलाही पास.

बोट थांबलं.

डॉक्टर घड्याळाकडे बघू लागले.
आत कुणीतरी ट्रे ठेवला, नको तेवढ्या जोरात.

ती रोहिणी भोये, पेठकडची. हत्यारं धुते.
कोपरापर्यंतचे जाड हातमोजे उतरवून
तिनं खिशातून चाळीस पानी वही काढली.
"हे पण बघायचं असतं का, मॅडम?"
पहिल्या पानावर दुधाचा हिशोब. नंतर:

मंगळवार. लाईट गेली. बाराव्या मिनिटाला बंद. परत लावलं.
शुक्रवार. दोन पाकिटं ओली निघाली. वापरली नाही.
२०. झाकणाचं रबर गळतं. सरांना सांगितलं.
२१. सरांना सांगितलं. पेशंट पुढं ढकलले. एक बाई लई बोलल्या.
२२. सरांना सांगितलं.
२३. रबर आलं.

पाकिटावरच्या पट्टीच्या रेषा काळ्या पडतात
म्हणजे आच पोचली, इतकंच.
आत काय मेलं, काय तगलं,
ते पट्टीला ठाऊक नसतं.
प्रश्न एक्केचाळीस: नोंदी नीटनेटक्या आहेत का?
रजिस्टरसाठी हो लिहावं लागेल.
वहीसाठी, नाही.

मी दोन्ही खोडलं.
शेरा लिहिला: ऑगस्टचं रजिस्टर मागाहून भरलेलं.
आणि समासात, जिथं लिहायची मुभा नसते तिथं:
वही खरी आहे.

डॉक्टरांनी वाचलं. कान लाल झाले.
"महिनाअखेरीला मीच भरतो. वाटलं,
खाडाखोड दिसली तर तुम्ही लोक..."
पुढचं वाक्य त्यांनी गिळलं.
तीन दिवस खुर्ची रिकामी ठेवणारा माणूस
ते तीन दिवस माझ्यापासून लपवत होता.

वहीची प्रत मागितली तर रोहिणी म्हणाली,
लगेच परत द्या, दूधवाला संध्याकाळी येतो.
खाली झेरॉक्सला पाच पानांचे दहा रुपये.

गायधनींची पाळी आली होती.
"थांबलं का?"
थांबलं, मी म्हटलं,
आणि काउंटरवर वाकून, हळूच,
फॉर्म पाठवून झाल्यावरची, पुढच्या महिन्यातली तारीख मागितली.
डावी बाजू, खालची दाढ.
कोणता वार चालेल?

शनिवार सोडून कोणताही.
शनिवारी इकडे लाईट जाते.