बावीस सेंटिमीटर

फळ्यावर मी लिहिते:
जर समुद्रावरचा बर्फ बावीस सेंटिमीटर असेल,
तर बेटाचा रस्ता उघडेल.
हियुमाच्या या शाळेत याहून सोपं उदाहरण नाही,
इथल्या पोरांना बर्फाची जाडी पाढ्यांआधी येते.

'जर'च्या पदरात असतं ते पूर्वांग,
'तर' ज्याला ओढून आणतो ते उत्तरांग.
उलटं वाचू नका, मी बजावते,
तो व्यत्यास, तो वेगळा सिद्ध करावा लागतो.

मागच्या बाकावरून ओत्त म्हणतो,
माझे आजोबा पंधरावरच गेले होते,
पट्टा न लावता, दार उघडं ठेवून.
पोहोचले?
पोहोचले.
मग आपलं विधान खोटं ठरलं?
नाही रे,
ते तुझ्या आजोबांबद्दल काही बोललंच नव्हतं.

मग कोष्टक. चार ओळी.
तीन खऱ्या, खोटी एकच:
पूर्वांग खरं निघालं
आणि उत्तरांग आलंच नाही.

राग्ने हात वर करते. एरवी करत नाही.
"आई म्हणाली होती,
समुद्र गोठला तर गाडी घेऊन येईन.
तीन हिवाळे गोठलाच नाही.
मग ती खोटं बोलली का?"

नाही, मी म्हणते,
आणि खालच्या दोन ओळींवर बोट ठेवते.
पूर्वांगच खोटं, तर विधान खरंच राहतं.
(तर्कशास्त्राची ही मेहेरबानी
वीस वर्षं मला हास्यास्पद वाटत आली होती.)
राग्ने ते वहीत उतरवते,
खाली दोनदा रेघ मारते.

लोक म्हणतात, जर-तरला काय अर्थ.
त्यांनी या फेब्रुवारीत इथे यावं.
उणे अठरा. वारा पडलेला.
बोट गेली की मागे पाणी लगेच साय धरतं.
दुकानात सगळे खूश, यंदा रस्ता होणार,
हापसालूची माणसं गाड्या घेऊन येणार.
राग्ने पाव घेते, सुटे पैसे मोजत बसते.
तिला कोष्टक पाठ आहे:
तिच्या आईला खोटं ठरवू शकेल
असा आता एक बर्फच.

शनिवारी तिचे वडील आर्वो
गिरमिट घेऊन आत गेले. मीही गेले.
भोक पडलं, काळं पाणी वर आलं.
पट्टी राग्नेच्या हातात होती.
ती वाकली, बराच वेळ वाकून राहिली.
"एकवीस," म्हणाली,
आणि आम्ही बघायच्या आत
पट्टी हातमोज्याने पुसून टाकली.