उलटा के

काचेच्या कारखान्यातली भट्टी कधी विझत नसे,
पण बाबांना जुलैत दोन आठवडे सुटी मिळायची.
मग मागच्या सीटवर मी आणि गेरी,
मध्ये बर्फाची पेटी, तिच्यावर कोपराची हद्द,
पुढे आई, मांडीवर नकाशा उलटा धरून,
आणि टोलेडो मागं पडायचं
धुऊन पालथ्या घातलेल्या बरणीसारखं.

वर्षाला दोन मैदानं. तीन नाहीत.
तिसऱ्याचे पैसे गेरीच्या दातांच्या तारेत गेले.

शिकागोच्या दक्षिणेला लोखंडी खांबामागची स्वस्त जागा:
अर्धा खेळ खांबाने पाहिला, अर्धा आम्ही.
कॅन्सस सिटीत ऊन असं, की आईने
बाबांच्या टोपीत बर्फ भरून ती गेरीच्या डोक्यावर उपडी केली
आणि तो नऊच्या नऊ डाव ठिबकत बसला.
पिट्सबर्गला मोटेलच्या जिन्यात दोघं भांडली,
पेट्रोलवरून असेल, किंवा हेडविग मावशीवरून,
आम्ही पांघरुणात श्वास धरून
शेजारच्या टीव्हीवरचा स्कोअर ऐकत होतो.

बाबा सगळं लिहून ठेवायचे. पेन्सिलीने,
चौकोनात चौकोन, मुंगीच्या अक्षरात.
के म्हणजे तीन चुकले, गेला.
उलटा के म्हणजे तिसरा चेंडू नुसता पाहिला,
बॅट खांद्यावरून हललीच नाही.
हा उलटा के त्यांना सोसत नसे.
‘अरे, फिरव तरी!’
पुढच्या रांगेतली माणसं वळून बघायची,
आई पर्समध्ये काहीतरी शोधू लागायची.

यादी फ्रिजवर होती. ती कधी संपली नाही.
आम्ही एक पाहून यायचो, ते एक पाडायचे,
किंवा एखादी बँक त्याला आपलं नाव द्यायची.
बाबा खोडरबर घेऊन स्टुलावर चढायचे, पुटपुटत.

मी चौदाची होते तेव्हा कारखान्याचं पत्र आलं:
इथलं खातं बंद होतंय, टेक्सासात जागा आहे,
तीस तारखेपर्यंत कळवावे.
कॅझिमिर दुदेक स्वयंपाकघरात उभे राहिले,
हातात पत्र, खिडकीत चेरीचं झाड,
रोज कामावरून आल्यावर थोडा वेळ, असा आठवडाभर.
तीस तारीख गेली.
एकतीसला मी कॅलेंडरचं पान उलटायला गेले
तर तीसच्या चौकोनात एक के, उलटा,
पेन्सिलीने, फार न दाबता काढलेला.
अक्षर आईचं होतं.

त्यावर घरात कोणी काही बोललं नाही.
बाबा शाळेच्या बसेस दुरुस्त करू लागले.
उन्हाळ्यात एकच मैदान. मग एका वर्षी तेही नाही.

परवा आई म्हणाली, चल, खांबवाल्या मैदानात.
तिला एक्याऐंशी पूर्ण झाली, बाबांना जाऊन सहा वर्षं.
म्हटलं, ते कधीच पाडलं, तिथे आता गाड्या लावतात.
‘माहीत आहे मला. मी काय वेडी आहे?’
फिनिक्सहून गेरी फोनवर ओरडला, या वयात चार तास?
आम्ही तोवर इंडियानात पोचलो होतो.

डांबरात एक पांढरी फरशी आहे, पाच कोनांची,
साधारण पाटाएवढी.
फलंदाज इथूनच निघायचा
आणि गोल फिरून इथेच आला तर धाव धरायचे.
आईने वॉकर माझ्याकडे दिला.
फरशीच्या बाजूला पाय रोवले, जरा रुंद,
आणि खांद्यावरची पर्स दोन्ही हातांनी धरून
अशी फिरवली, की तिच्यातल्या गोळ्यांच्या डब्या
खुळखुळत पार बंदापर्यंत गेल्या.

ती जागा हवी असलेल्या ट्रकवाल्याने हॉर्न दाबला.
‘फाउल,’ आई म्हणाली,
आणि पुढच्या चेंडूसाठी पुन्हा उभी राहिली.