उजवी बाजू

फोटो एकच, तोही डाव्या बाजूचा.
सत्तेचाळीस साली भंगारात गेली ती,
तीन फुटी रुळांवरची.
डॉनेगलच्या या शेडमध्ये
अकरा वर्षं तिला पुन्हा घडवताहेत.
उजवी बाजू अंदाजानं,
रिव्हेट मोजत, भांडत, चहा गार करत.

आज अट्रॅक्टा आली. नव्वदीची.
तांबड्या प्रायमरवर तळवा टेकून म्हणाली,
"दांडी फार उंच होती.
माझा हात पुरायचा नाही.
बाबा वरून ओढून घ्यायचे."

कॉर्मक टेप घेऊन उठला,
आणि थबकला:
तेव्हा ही सहा वर्षांची.

दांडी होती तिथेच राहिली.
वहीत मात्र त्यानं लिहिलं,
उजवीकडे, दांडीच्या वर
एक हात.
माप माहीत नाही.