पहिला हात

भाताचं तूस मी आचऱ्याच्या गिरणीतून आणते.
चार गोणी, फुकट. भालचंद्र परुळेकर विचारतो,
"कोंबड्यांका?"
मी मान हलवते. बॅटरीला म्हटलं
तर तो बसायला खुर्ची देईल
आणि मग सगळं सांगावं लागेल.

तूस जाळायचं. राख आम्लात धुवायची.
मॅग्नेशियमसोबत भट्टीत घालायची,
की भाताने चार महिने चिखलातून वर ओढलेली वाळू
सिलिकॉन होऊन बशीत उतरते:
तपकिरी, आणि तपकिरीच्याच चिमटीएवढी.

ग्राफाइट सोशिक. पाहुणा आला
की जरा सरकून बसतं.
सिलिकॉनला भूक फार. जवळजवळ दहापट लिथियम घेतं,
तिपटीहून जास्त फुगतं, मग रिकामं होताना
आकसतं, तडकतं.
कॉलेजच्या मागच्या खोलीत, कोल्हापूरहून
फोंडाघाट उतरून आलेल्या आर्गॉनच्या नळकांड्याशेजारी
मी हे रुपयाएवढ्या डबीत बंद करते.

पहिल्यांदा वीज लावली
की आतलं द्रावणच थोडं मोडतं
आणि त्याच्या अंगावर बसतं.
काही नॅनोमीटर. खपली म्हणावी
तर जखम अजून व्हायची आहे.
आचऱ्याच्या खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा आहे ना,
त्यावरून पात जाते, ट्रॉलर अडतो;
तसं इथे लिथियम जातं, द्रावण अडतं.

पहिल्याच फेरीत शंभरातले एकवीस
परत आले नाहीत.
मी वहीत लिहिलं: तूट.
तारीख घातली. खाली दोन रेघा मारल्या.

मे महिन्याच्या शेवटी बाबल मेस्त
वर ओढलेल्या होडीला काजूच्या टरफलांचं तेल लावत होता.
काथ्याचा बोळा, हातात काही नाही.
ते तेल बिब्यासारखं भाजतं.
त्याच्या तळव्यांना मात्र आता कळत नाही;
चाळीस वर्षं सोलून सोलून
तिथे दुसरंच काही आलंय, काळं, चकचकीत,
चामडं आणि लाकूड यांच्या मधलं.

अर्धा डबा संपला आणि फळी कोरडी ती कोरडीच.
मी म्हटलं, एवढं तेल गेलं कुठे?
"पयलो हात लाकूड पिता," तो म्हणाला.
"तो मोजूचो नाय. तो होडयेचो.
हिशेब दुसऱ्यापास्ना."

आणि फुटलं तर?
"फुटताच. दरवर्सा फुटता, दरवर्सा लावूचा."
बोळा पिळला. समुद्राकडे पाहिलंही नाही.
"आदी तेल संपता. लाकूड मगे."

हे वाक्य मी सहा महिने
आलेखांमधून शोधत होते.
सिलिकॉन मरत नाही. दर फेरीला अंग फुटतं,
उघड्या जागेवर पुन्हा थर बसतो,
पुन्हा त्यात लिथियम अडकतं,
आणि एक दिवस लावायला काही उरत नाही.

त्याची होडी ऑगस्टात पाण्यात जाईल,
फळ्या फुगतील आणि फटी मिटतील.
माझं फुगतं तेव्हा फटी पडतात.
हे मी त्याला सांगितलं. तो हसला,
मग बराच वेळ बोलला नाही.
"मगे लवणारा काय तरी घाल," म्हणाला.

द्रावणात फ्लोरिनवालं द्रव घातलं, शंभराला दहा.
थर पातळ बसला, वाकू लागला.
चाळिसाव्या फेरीला लाइट गेली,
तीन तास खिडकीशी उभी राहिले.
आली तेव्हा आलेख जिथे सोडला होता
तिथूनच पुढे निघाला, जवळजवळ सपाट.

वहीतलं ते 'तूट' खोडलं नाही.
नुसतं शेजारी लिहिलं: पहिला हात.
मार्गदर्शक विचारतील, हे काय?
बघू.

परवा पुन्हा गिरणीत गेले.
भालचंद्र गोणीचं तोंड बांधत म्हणाला,
"कोंबड्यो झाल्यो किती?"
एकशेचाळीस, मी म्हटलं.
अजून जगतायत.