मलग्याव

गोव्याच्या हॉटेलवाल्याचा फोन आला चैत्रात:
बांधकाम अडलंय, रोपं आता नकोत,
दिवाळीनंतर बघू.
नऊ हजार रोपं. बोटाच्या पेराएवढी.
काचेच्या बरण्यांत, अगरच्या थरात पाय रोवून
ट्यूबलाइटखाली सोळा सोळा तास जागी.

देसूरच्या शेडमध्ये मग आम्ही वाटण्या केल्या.
थोडी पंचवीस अंशांवर, काळोखात.
थोडी दहावर, एका मंद पट्टीखाली.
बाकीची पंधरावर.
आणि शेवंतीच्या चार बरण्या, माझ्या हट्टानं,
चार अंशांच्या फ्रिजमध्ये.
सातवा महिना होता मला.
खालच्या फळीला गंगव्वा वाकायची,
मी वरच्या बरण्यांना चिठ्ठ्या लावायची:
नाव, तारीख, अंश, उजेड.

काळोखातली आधी उंच झाली.
वाटलं, मानवलं.
पण ती नुसती लांबत गेली, पांढरी, दोऱ्यासारखी,
झाकणाला डोकं टेकवून काहीतरी चाचपत.
दहावरच्या अँथुरियमची पानं कडेनं काळी पडली.
थंडीसुद्धा भाजते, हे मला ठाऊक नव्हतं.
त्या बरण्या मी लगेच धुतल्या नाहीत.

पंधरावरची हललीच नाहीत.
ना पान, ना मूळ.
मी सारखी दार उघडून बघायची,
दार लाव गे, गार बाहेर जातंय, गंगव्वा ओरडायची.
मेलीत काय गं ही?
तिनं एक बरणी उजेडासमोर धरली, फिरवली.
"सत्तिल्ला. मलग्याव."
मेली नाहीत, निजलीत.
पाट्यांवरून भांडणारी माणसं आम्ही.
मी 'निजलीत' म्हणून बघितलं, 'मलग्याव' म्हणून बघितलं,
आणि वहीत शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: मलग्याव.
देवनागरीत.

मग बेळगुंदीला, आईकडे.
शेक, डिंक, दुपारची जड झोप.
लाइट गेली की मला आधी बरण्या आठवायच्या,
नंतर पाळणा.
हे मी कुणाला सांगितलं नाही.

कार्तिकात परत आले.
पोरगी आता कुशीवर वळते,
झबली दोनदा बदलली तिची.
आणि इथं पंधराच्या फळीवर
माझ्याच अक्षरातली चिठ्ठी, शाई जराशी विटलेली,
तीच चार पानं. तेवढीच.
एका दिवसानंही मोठी नाहीत.
बरं वाटलं की भ्यायले, सांगता येत नाही.
उभी राहिले तिथंच, दुधानं ब्लाउज ओला होईतो.

गंगव्वानं वही वाचली:
पंधरावर शंभरात ब्याऐंशी.
शेवंती चारही, पिवळी, पण आहे.
फोन अजून नाही.
बारा तरी उठवूया, ती म्हणाली.
आधी सावलीत ठेवल्या, मग एका ट्यूबखाली,
दोन दिवसांनी दुसरी लावली.

आठव्या दिवशी एका बरणीच्या तळाशी
पांढरं टोक, तांदळाच्या कणीएवढं.
हाक मारायला वळले,
तर ती भाकरी आणि शेंगाचटणी उघडून बसलेली,
पहिला घास हातात.
म्हटलं, जेवू दे.
मूळ काय पळून जात नाही.