द्वारकेला बस थांबत नाही

शर्विलच्या शर्टांची लेबलं मी उसवून टाकते,
शिवणकाम माझं, तेवढं जमतं.
ब्रशची टोकं कुठून उसवायची?

पुदिन्याची पेस्ट त्याला भाजते.
स्ट्रॉबेरीची आणली, तर टोपण उघडताच
तो पलंगाखाली.
"दोघांनी धरा, तिसऱ्याने घासा," एक शहाणे म्हणाले.
धरलं. एकदाच.
पुढे आठ दिवस बाथरूमचं दार उघडलं
की तो कानांवर तळवे दाबून खाली बसायचा,
आणि माझ्या मनगटावर चार दातांची खूण,
न घासलेल्या.

मग मीच त्याच्या बसमध्ये चढले.
निमाणी ते नाशिकरोड, सगळे थांबे त्याला पाठ.
निमाणी म्हणजे खालची मागची दाढ.
पंचवटी कारंजा. रविवार कारंजा.
शालिमारला गर्दी, तिथे जरा जास्त.
द्वारका. उपनगर. दत्तमंदिर.
बिटकोला थुंकायचं.
एका थांब्याला पाच आकडे. सहावा म्हटला
की तोंड बंद.

पौषातल्या एका रात्री, नळाचं पाणी बोचत असताना,
तो स्टँडवरल्या भोंग्याच्या सपाट आवाजात म्हणाला,
"द्वारकेला बस थांबत नाही."
थांबते रे, मी म्हटलं.
"द्वारकेला बस थांबत नाही."
दुसऱ्या दिवशीही तेच.
तिसऱ्या दिवशी गाल गार फरशीला लावून
तिथेच झोपला.
"दुखतं" हा शब्द आहे त्याच्याकडे,
कपाटावर त्याचं चित्रही चिकटवलंय.
त्याने ते कधी वापरलं नाही.

टॉर्च लावला.
द्वारकेच्या दाढेत काळा खड्डा.

मोगल डॉक्टरांनी तीनदा नुसतंच बोलावलं.
आधी खुर्चीला हात लावून घरी.
मग खुर्ची वर, खाली, वर, खाली,
बाहेर पेशंट ताटकळलेले.
मग छोटा आरसा, त्याच्याच मुठीत.
चौथ्यांदा त्या मास्क उतरवून म्हणाल्या,
"द्वारकेला काम चालू आहे. वीस मोजेपर्यंत."
सतराला तो रडला.
विसाला त्यांनी हात काढला,
काम अर्धवट टाकून.
म्हणून तो पाचव्यांदा आला.

आता थांबते बस. रोज नाही.
परवा शालिमारलाच उतरला, ब्रश बेसिनमध्ये फेकून,
आणि मी ओरडले. ओरडायला नको होतं.

रात्री मशीनवर बसले, दोरा दातांनी तोडला,
आणि कळ थेट कानापर्यंत गेली.
कधीपासून माझीही बस
तिथे न थांबता पुढे जातेय.