ओबाजीचं पुस्तक

दवाखान्याचं कपाट रिकामं करताना हाती आलं.
पुठ्ठा एकेकाळी हिरवा होता,
कोपरे झुरळांनी खाल्लेले, शेवटची अकरा पानं वाळवीनं.
वर चित्र : गुडघे टेकून प्रार्थना करणारा माणूस,
बाजूला टोपी, टोपीजवळ बंदूक.
बंदूक आता अंगठ्यांच्या घामानं पुसट.

ओबद्या थॉर्न. अमेरिकेतला कोणी लोहार,
राजाविरुद्ध लढला,
मग घोड्यावर बसून गावोगाव शुभवर्तमान सांगत फिरला.
धामणखेडच्या कुष्ठवस्तीत
त्याचं नाव ओबाजी ठोर.

माझा बाप, योहान सिरसाट, कंपाउंडर.
कंदील खुंटीला अडकवून
इंग्रजी ओळ आधी ओठांतल्या ओठांत चाखायचा
आणि मग वऱ्हाडीत सोडायचा,
कडू दवाई पाणी घालून द्यावी तशी.
मी उंबऱ्याबाहेर. आत यायला मनाई.

"मंग ओबाजी नदीवर आला. नदीत बरफ.
पायात जोडे नाईत. मांगं रक्ताचे ठसे."

बरफ कोणी पाहिला नव्हता,
एकट्या चैत्रामनं, जत्रेत, लाकडाच्या भुशात गुंडाळलेला.
ठसे मात्र सगळ्यांना समजले.
आपापले पाय त्यांनी चादरीखाली ओढून घेतले.

"त्याले दुखत होतं का?" ठकूबाईनं विचारलं.
"लय दुखत होतं."
"मंग नशिबाचा होता थो," ठकूबाई म्हणाली.

चैत्रामला वेगळंच टोचत होतं.
"राजा त्याच्याच देवाचा, त्याच्याच बोलीचा.
मंग लढला काहून?"
बापानं चष्मा पुसला, पुन्हा पुसला.
"राजासाठी प्रार्थना करे थो, रोज.
म्हणे, देवा, राजाले अक्कल दे.
अन् तोवर मले बारूद."
साहेबाच्या बंगल्यापर्यंत हसू गेलं असावं,
कारण खिडकीतला दिवा मोठा झाला.

बेचाळीसचा पोळा तोंडावर होता.
टेसनाजवळची तार कोणी तोडली
आणि जमादार सायकलवरून वस्तीवर आला.
निंबाखालीच थांबला, नाकाला रुमाल.
"पुस्तकं काढा."
बापानं गीतांची वही नेली, आणि हे.
जमादारानं टेकलेले गुडघे पाहिले, बंदूक नाही पाहिली.
"येसूचंच ना?"
"त्याच्या माणसाचं."
"आत किती आहेत?"
बापानं कंदील उचलून दार सताड उघडलं.
"या. मोजा."

सायकलची घंटी नाल्यापर्यंत ऐकू आली.

त्या रात्री कोपऱ्यातल्या खाटेवर एक नवा होता.
दोन्ही हात कोपरापर्यंत पट्ट्यांत,
डोळे मात्र पळून आलेल्या गोऱ्ह्यासारखे.
ठकूबाई त्याला भाकर भरवत होती
आपल्या अर्ध्या पंजानं,
आणि तो तोंड फिरवत नव्हता.
मी आठ वर्षांची. एवढंच पाहिलं.

बाप खोटं बोलायचा नाही.
एकदा गूळ चोरून नाही म्हटलं
तर मला सबंध दुपार तुरीच्या गंजीपाशी उभं केलं होतं.
या गोष्टीबद्दल तो मरेपर्यंत बोलला नाही,
खरंही नाही.

लढाईत कागद मिळेना, तेव्हा
दवाखान्याची नोंद त्यानं या पुस्तकाच्या समासात ठेवली.
हे मला आज कळतंय, पंच्याऐंशीव्या वर्षी,
भिंग लावून.
पान त्रेसष्ट. ओबाजी नदीत उतरलाय.
बाजूला शिसपेन, बापाचं बारीक अक्षर :
जखमा धुतल्या. कार्बॉलिक संपत आलं.
रोगी १९. पट्ट्या २०.

पुढच्या पानावर १९, २०.
पुढच्या पानावर १९, २०.
असं आठ पानं. नदी ओलांडून होते,
हिवाळा सरतो, कुणीतरी कुणाला पत्र लिहितं.
नवव्या पानावर १९, १९.
बस. तारखेखाली रेघसुद्धा नाही.

ओबाजी कसा मेला ते वाळवीला माहीत.
बाप दरवेळी वेगळं सांगायचा,
कधी भट्टीपाशी, कधी तुरुंगात,
एकदा तर चक्क पूर्णेच्या पुरात.
ठकूबाई मान हलवायची.
"मेला नाई थो. रातचा गेला,
पट्ट्या सोडून.
म्याच धुतल्या, म्याच वाळू घातल्या."